खेळण्याला स्क्रू सक्तीचा, मग पणतीला का नाही?

लहान मुलाने नाणे गिळले की आपल्याकडे घरोघरी एक उपाय ठरलेला असतो. मुलाला केळे खायला द्यायचे, वर दोन घास भात भरवायचा आणि पुढचे दोन दिवस शौचावर लक्ष ठेवायचे. आजी-आजोबांच्या अनुभवातून आलेला हा उपाय पुष्कळदा निभावूनही जातो, कारण नाणे हा नुसता धातूचा तुकडा असतो आणि अन्ननलिकेतून एकदा पोटात उतरला की बहुतेक वेळा काही अपाय न करता बाहेर पडतो. मात्र गेल्या काही वर्षांत नाण्याच्याच आकाराची आणि नाण्यासारखीच चकाकणारी आणखी एक वस्तू आपल्या घरांत शिरली आहे. तिच्या बाबतीत हाच उपाय केला तर मुलाचा जीव जाऊ शकतो. ती वस्तू म्हणजे बटण सेल. हा धोका पालकांना सावध राहायला सांगून टळणारा नाही. तो वस्तू बनवतानाच बंद करावा लागेल आणि त्यासाठी केंद्र सरकारने नियम करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. ते कशावर आधारलेले आहे, हे या लेखात मांडत आहे.

सर्वांत घातक ठरणारा सेल म्हणजे ‘सीआर २०३२’. त्यावरील पहिले दोन आकडे व्यास सांगतात आणि नंतरचे दोन जाडी, म्हणजे हा सेल २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड असतो. आजच्या एक रुपयाच्या नाण्याशेजारी तो ठेवला तर रुंदीत फारसा फरक दिसत नाही. हा लिथियमचा सेल असून तो ३ व्होल्टचा असतो, म्हणजे घड्याळात किंवा कॅल्क्युलेटरमध्ये बसणाऱ्या जुन्या दीड व्होल्टच्या सेलच्या दुप्पट. घातकपणाची दोन्ही कारणे इथेच आहेत. सेल इतका रुंद असतो की एक-दोन वर्षांच्या मुलाच्या अन्ननलिकेत तो अडकून बसतो, आणि त्याची विद्युतशक्ती इतकी असते की अडकल्या जागी तो स्वस्थ राहत नाही.

अडकलेला सेल नेमके काय करतो, याबद्दल बराच गैरसमज आहे. अनेकांना वाटते की सेल फुटतो, त्यातले रसायन गळते आणि त्याने भाजते. प्रत्यक्षात सेल जसाच्या तसा, एक थेंबही न गळता, हे नुकसान करतो. अन्ननलिकेचे ओले अस्तर सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटते, त्या ओलाव्यातून विद्युतप्रवाह सुरू होतो आणि सेलच्या ऋण टोकाशी पाण्याचे विघटन होऊन तीव्र अल्क तयार होऊ लागते. तिथला सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याचे माप) १२-१३ पर्यंत चढतो, म्हणजे नाली साफ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाच्या जवळपास. अल्काने होणारी इजा आम्लापेक्षा अधिक वाईट असते, कारण ते पेशींतील चरबी आणि प्रथिने विरघळवत खोल खोल जात राहते.

हे समजावून सांगण्यासाठी डॉक्टर मंडळी एक साधे प्रात्यक्षिक दाखवतात. कच्च्या मांसाच्या दोन पातळ कापांमध्ये एक नवा सेल ठेवला जातो. काही मिनिटांतच सेलच्या कडेने बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि हलकी चरचर ऐकू येते. पाऊण तासाने वरचा काप उचलला तर सेलच्या आकाराचे तपकिरी वर्तुळ उमटलेले दिसते, आणि दोन तासांनी ते वर्तुळ काळे पडून मांस बोटाने दाबताच लगदा होते. सेलला हात लावून पाहिला तर तो गरमही नसतो. दीड वर्षाच्या मुलाच्या अन्ननलिकेची भिंत या कापाहून कितीतरी पातळ असते.

म्हणूनच वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन तासांची मुदत पुन्हापुन्हा येते. इजा पंधरा मिनिटांतच सुरू होते आणि दोन तासांत ती गंभीर होऊ शकते. अन्ननलिकेत अडकलेला बटण सेल शक्यतो दोन तासांच्या आत दुर्बिणीने (एंडोस्कोपीने) काढावा, असे युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकेत म्हटले आहे. अन्ननलिकेच्या पुढच्या बाजूला श्वासनलिका असते, आणि छातीत एका ठिकाणी हृदयातून निघणारी महारोहिणी अन्ननलिकेला अगदी लगटून जाते. अस्तर जळत जाऊन श्वासनलिकेपर्यंत भोक पडले तर मुलाने घेतलेले दूध फुप्फुसात जाऊ लागते. स्वरयंत्राच्या नसांना इजा झाली तर आवाज जातो. महारोहिणीला भोक पडले तर रक्तस्राव इतका प्रचंड होतो की मूल हाती लागण्याची शक्यता फार थोडी उरते. सगळ्यांत क्रूर भाग पुढेच आहे. सेल बाहेर काढला म्हणजे धोका संपला असे होत नाही, कारण पेशींची नासाडी नंतरही चालू राहते आणि असा रक्तस्राव सेल काढल्यानंतर काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनीही झालेला आहे. घरी परतलेल्या, खेळू लागलेल्या मुलाला अचानक रक्ताची उलटी होते आणि आई-वडिलांना कारणही कळत नाही.

वापरून संपलेला सेलही निरुपद्रवी नसतो, हे सर्वांना ठाऊक असायला हवे. रिमोट चालेनासा झाला म्हणून आपण सेल बदलतो, तेव्हा काढलेल्या सेलमध्ये रिमोट चालवण्याइतकी शक्ती उरलेली नसते, पण ऊती जाळण्याइतकी उरलेली असते. ‘संपलेला’ समजून आपण तो टीव्हीच्या टेबलावर, देवघराच्या कोपऱ्यात किंवा शिवणाच्या डब्यात टाकून देतो. नवा सेल मात्र पाकिटात राहतो.

आता प्रश्न असा की मुलाने सेल गिळला हे कळते तरी कसे? पुष्कळदा कळतच नाही. अमेरिकेत सेल गिळण्याच्या प्रकरणांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली आहे आणि १९८५ ते २००९ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे वाचताना अंगावर काटा येतो. जीवघेण्या ठरलेल्या प्रकरणांपैकी ९२ टक्के प्रकरणांत सेल गिळताना कोणीही पाहिलेले नव्हते. मृत्यू झालेल्या प्रकरणांपैकी किमान ५४ टक्के प्रकरणांत डॉक्टरांचे निदान सुरुवातीला चुकले होते. सहा वर्षांखालील ज्या मुलांनी २० ते २५ मिलिमीटरचा सेल गिळला, त्यांच्यापैकी १२.६ टक्के मुलांना गंभीर इजा झाली किंवा ती दगावली. त्या पंचवीस वर्षांत गंभीर किंवा जीवघेण्या परिणामांचे प्रमाण ६.७ पटींनी वाढले, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे बाजारात आलेले मोठे लिथियम सेल.

निदान चुकते यात डॉक्टरांचाच दोष आहे असे मी म्हणणार नाही. मूल सांगू शकत नाही, पालकांना माहीत नसते आणि लक्षणे कोणत्याही साध्या आजाराची असतात. लाळ जास्त गळते, मूल घन पदार्थ नाकारून फक्त दूध-पाणी मागते, उलटी होते, खोकला येतो, श्वास घेताना घरघर होते, थोडा ताप येतो. पावसाळ्यात आपल्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात बसलेल्या निम्म्या मुलांचे वर्णन हेच असेल. घसा सुजला असावा म्हणून औषध दिले जाते, मूल घरी जाते, आणि दोन तासांची मुदत एक्स-रे काढण्याचा विचार मनात येण्याआधीच संपून जाते.

एक्स-रे काढला तरी एक फसगत शिल्लक राहते. फिल्मवर गोल पांढरी चकती दिसते आणि अहवालात ‘नाणे’ असे लिहिले जाते. सेलच्या चकतीला नीट पाहिले तर कडेच्या आत आणखी एक फिकट कडे दिसते, आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत कडेला एक पायरी दिसते. नाण्याला यांपैकी काहीच नसते. हे दोन फरक ओळखणे कठीण नाही, मात्र तालुक्याच्या ठिकाणी रात्री अकरा वाजता एक्स-रे वाचणाऱ्या माणसाने ते आधी कधीतरी पाहिलेले असायला हवेत. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नियमित प्रशिक्षणात या दोन चित्रांना जागा मिळाली तरी काही मुले वाचतील. तोपर्यंत तरी गोल चकती दिसली की ती सेलच आहे असे धरून चालावे, आणि नाणे निघाले तर आनंद मानावा.

अशी घटना घडली की आपल्या समाजात पहिला प्रश्न विचारला जातो तो आईला. ‘तू काय करत होतीस?’ शेजारी विचारतात, सासरचे विचारतात, कधी दवाखान्यातही तसेच विचारले जाते. या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो, कारण तो निष्ठुर तर आहेच, शिवाय चुकीचाही आहे. रांगणारे मूल जमिनीवरील वस्तू उचलून तोंडात घालण्याला तीन सेकंदही घेत नाही. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणाऱ्या घरातही भाजी ढवळावी लागते आणि दाराची कडी काढायला उठावे लागते. ज्या धोक्याचा बळी ठरलेल्या दहांपैकी नऊ मुलांकडे त्या क्षणी कोणाचीच नजर नव्हती, त्या धोक्यावर ‘नजर ठेवा’ एवढाच उपाय सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय.

अमेरिकेतील त्याच नोंदींचा आणखी एक निष्कर्ष या चर्चेत निर्णायक आहे. सहा वर्षांखालील मुलांना सेल मिळाला कुठून, याचा शोध घेतला तेव्हा ६१.८ टक्के प्रकरणांत तो थेट एखाद्या वस्तूमधून काढला गेला होता. बाहेर सुटा पडलेला सेल सापडल्याची प्रकरणे २९.८ टक्के होती आणि पाकिटातून काढल्याची ८.२ टक्के. म्हणजे सेल पालकांनी टेबलावर विसरलेला असण्यापेक्षा वस्तूनेच तो मुलाच्या हातात देण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. वस्तूचे झाकण उघडले, किंवा वस्तू पडली आणि सेल बाहेर आला. इथे पालकांच्या दक्षतेचा भाग थोडा आणि वस्तू घडवणाऱ्याचा भाग मोठा आहे.

आपल्या घरांतील वस्तू एकदा या नजरेने पाहाव्यात. गाडीची किल्ली, स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा, साखर तपासण्याचे यंत्र, थर्मामीटर, एलईडीच्या माळेसोबत किंवा छोट्या स्पीकरसोबत येणारा तो पातळ, पत्त्यासारखा रिमोट, उघडताच गाणे वाजणारे शुभेच्छापत्र, चालताना लुकलुकणारे बूट. त्या पातळ रिमोटचा सेल एका सरकत्या पट्टीत बसवलेला असतो आणि ती पट्टी बाहेर ओढायला नखही पुरते. ज्या रिमोटचे झाकण हरवलेले असते, त्याला आपण चिकटपट्टी लावतो किंवा रबर गुंडाळतो, आणि तो मुलाला शांत बसवण्यासाठी हातात देतो.

सणासुदीला यात आणखी भर पडते. राखीपौर्णिमेच्या आधी पंधरा दिवस रस्त्याकडेच्या प्रत्येक फळीवर लाइटच्या राख्या लटकत असतात. मुलांच्या आवडत्या चित्राच्या मागे प्लॅस्टिकची लहान डबी असते आणि डबीत डाळीच्या वड्यांसारखे दोन-तीन बारीक सेल असतात. हे सेल आकाराने लहान असल्याने अन्ननलिकेत सहसा अडकत नाहीत, पण मुले ते नाकात आणि कानात घालतात, आणि तिथेही ते तसेच जाळतात. नाकाचा पडदा फाटतो, कानाचा पडदा जातो. दिवाळीत बॅटरीवरच्या पणत्या येतात. अशी एक पणती उलटी करून पाहिली तर बुडाशी एक गोल किंवा चौकोनी चकती दिसते, तिच्या कडेला अंगठ्याने दाबायची खाच असते, आणि खाच दाबून किंचित फिरवले की सेल तळहातावर पडतो. त्यासाठी ना स्क्रूड्रायव्हर लागतो, ना दोन हात. आणि या पणत्या आपण ठेवतो कुठे, तर रांगोळीच्या कडेने, उंबरठ्याशी, जमिनीवर, म्हणजे रांगणाऱ्या मुलाच्या बरोबर समोर. तेलाच्या पणतीने भाजेल म्हणून घाबरणाऱ्या घरांनीच सुरक्षित म्हणून ती विकत घेतलेली असते.

मग आपला कायदा याबाबत काय म्हणतो? खेळण्यांच्या बाबतीत तो पुष्कळ काही म्हणतो. खेळण्यांच्या गुणवत्तेबाबतचा केंद्र सरकारचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक लागू होते. तोंडात जाऊ शकेल इतका लहान सेल अवजार वापरल्याशिवाय खेळण्यातून बाहेर काढता येऊ नये, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे. म्हणूनच चांगल्या खेळण्याच्या मागे बारीक स्क्रू असतो. याचा अर्थ धोका शासनाला माहीत आहे, त्यावरचा उपाय माहीत आहे आणि तो उपाय आपल्याच कारखान्यांत रोज अमलातही येतो आहे.

पळवाट वस्तूच्या व्याख्येत आहे. पणती खेळणे नाही. राखी खेळणे नाही. रिमोट, वजनकाटा, थर्मामीटर, शुभेच्छापत्र, यांपैकी काहीच खेळणे नाही. काही इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या मानकांत बटण सेलच्या कप्प्याची दखल घेतलेली आहे, मात्र बटण सेल असलेली प्रत्येक घरगुती वस्तू एका छत्राखाली आणणारा नियम आपल्याकडे नाही. दहा महिन्यांच्या मुलाला मात्र ही व्याख्या ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने हाताला येणारी प्रत्येक वस्तू खेळणेच असते, आणि सुरक्षेचा नियम करायचा तर तो मुलाच्या या नजरेनेच करायला हवा.

इतर देशांनी हे कसे केले ते आपल्यासमोर आहे. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये क्वीन्सलंड राज्यातील चार वर्षांची एक मुलगी सेल गिळल्याने रक्तस्राव होऊन दगावली. त्यानंतर तिथे आधी उद्योगांना स्वेच्छेने पाळण्याची आचारसंहिता दिली गेली. तिचा पुरेसा उपयोग होत नाही असे दिसल्यावर डिसेंबर २०२० मध्ये सक्तीची मानके जाहीर झाली आणि उद्योगांना दीड वर्षाची मुदत देऊन २२ जून २०२२ पासून ती लागू झाली. बटण सेल असलेल्या ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी असे सक्तीचे मानक करणारा तो जगातला पहिला देश ठरला. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये टेक्सासमधील रीस नावाची दीड वर्षाची मुलगी रिमोटमधील सेल गिळल्याने दगावली. सुरुवातीला तिचा त्रास लहान मुलांना होणाऱ्या साध्या श्वसनविकाराचा समजला गेला होता. तिच्या आईने हा प्रश्न लावून धरला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्यानुसार सेलचा कप्पा उघडायला अवजार तरी लागले पाहिजे, किंवा एकाच वेळी दोन वेगवेगळ्या हालचाली तरी कराव्या लागल्या पाहिजेत. वस्तूवर आणि वेष्टनावर इशारा हवा, आणि सुटे सेल मुलांना फाडता येणार नाहीत अशा पाकिटातच विकले पाहिजेत. दोन्ही देशांनी खेळण्यापुरते न थांबता सर्व घरगुती वस्तूंचा विचार केला, हे इथे महत्त्वाचे आहे.

आपल्याकडे हा विषय काढला की पहिला आक्षेप खर्चाचा येतो. वीस रुपयांची पणती बनवणाऱ्याला हा बोजा पेलणार नाही, लहान उद्योजक मरेल, असे म्हटले जाते. लहान उद्योजकांची काळजी मलाही आहे, आणि म्हणूनच मुदत द्यावी, लहान कारखान्यांना चाचणीचे शुल्क कमी करावे, असे मी म्हणेन. परंतु एक बारीक स्क्रू आणि त्यासाठी साच्यात एक भोक, एवढीच मागणी आहे, आणि आपले खेळणी बनवणारे लहान कारखानदार ती आजही पूर्ण करत आहेत. वीस रुपयांच्या पणतीला स्क्रू परवडत नसेल, तर ती पणती बटण सेलऐवजी पेन्सिल सेलवर चालणारी असावी. लहान मुलाला सहजासहजी गिळता न येणारा पेन्सिल सेल स्वस्त आहे आणि खेड्यातल्या दुकानातही मिळतो.

दुसरा आक्षेप असा की नियम कागदावर राहील, रस्त्यावरचा माल कोण तपासणार? हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याला उत्तर आपल्याच अलीकडच्या इतिहासात सापडते. प्रेशर कुकरला २०२० च्या आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. तरीही बिनचिन्हाचे कुकर ऑनलाइन विकले जात होते, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना दंड केला आणि विकलेले कुकर परत घेऊन ग्राहकांना पैसे देण्याचे आदेश दिले. हे शक्य झाले कारण आधी नियम होता. नियम असेल तर आयात बंदरावर अडवता येते, मोठा विक्रेता जबाबदार धरता येतो आणि घाऊक बाजारात तपासणी करता येते. रस्त्यावरच्या फळीवर बसलेल्या माणसापर्यंत जायची गरजच पडत नाही, कारण त्याचा माल येतो तो मुंबईतल्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या घाऊक बाजारांतूनच. नियम नसेल तर मात्र सगळ्यात कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याच्याही हातात काही नसते. भारतीय मानक ब्युरो कायदा, २०१६ च्या कलम १६ नुसार लोकांच्या आरोग्यासाठी आणि सुरक्षेसाठी केंद्र सरकार एखाद्या वस्तूला मानक सक्तीचे करू शकते. म्हणजे नवा कायदा संसदेत नेण्याचीही गरज नाही, एक आदेश पुरेसा आहे.

काही कंपन्यांनी सेलवर अत्यंत कडू पदार्थाचा थर द्यायला सुरुवात केली आहे. त्याचे स्वागत करावे, पण त्यावर विसंबू नये, कारण कडू लागण्याआधीच गिळणारी मुलेही असतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न आणखी निकडीचा आहे आणि त्याचे कारण अंतर आहे. दीड वर्षाच्या मुलाला भूल देऊन, दुर्बिणीने अन्ननलिकेतून वस्तू काढण्यासाठी बालपोटविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतो, लहान मुलांना भूल देण्याचा सराव असलेला डॉक्टर लागतो आणि योग्य मापाची उपकरणे लागतात. ही सोय मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत दिवसरात्र मिळू शकते. भामरागडच्या मुलाला दोन तासांत गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालयसुद्धा गाठता येत नाही, आणि तिथून नागपूर पुढेच राहते. धडगावच्या किंवा मोखाड्याच्या पाड्यावरची गोष्ट वेगळी नाही. एलईडीची पणती आणि चमकणारी राखी मात्र या सर्व ठिकाणच्या आठवडी बाजारांत केव्हाच पोहोचली आहे. जिथे वस्तू पोहोचते आणि उपचार पोहोचत नाहीत, तिथे वस्तू सुरक्षित करणे हाच एकमेव न्याय्य मार्ग उरतो. प्रत्येक तालुक्यात एंडोस्कोपीची सोय व्हावी अशी मागणीही मी आनंदाने करीन, पण ती पूर्ण व्हायला दशके लागतील आणि स्क्रूला दीड वर्ष पुरते.

नियम होईपर्यंत घरात काय करावे, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. मुलाने बटण सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता लगेच एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि दारातच ‘सेल गिळला असावा’ हे स्पष्ट शब्दांत सांगावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो. उलटी करायला लावू नये. केळे, भात, पाणी, काहीही देऊ नये, त्याने सेल खाली जात नाही आणि भूल देण्यात अडचण येते. याला अपवाद एकच, आणि तो म्हणजे मध. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळता येत असेल आणि बारा तास उलटलेले नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेलभोवती थर करून अल्काचा जोर काहीसा कमी करतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. मात्र मध आणायला दुकान शोधत थांबू नये. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये. बाळाला मध चाटवण्याची आपल्याकडे प्रथा असली तरी त्यातून बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. सेल नाकात किंवा कानात असेल तर थेंब टाकू नयेत, कारण ओलावा वाढला की जळणेही वाढते. काढलेल्या जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी गुंडाळून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.

हे सर्व प्रत्येक घरापर्यंत पोहोचवण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. आशा कार्यकर्ती बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे असताना ठरवून घरी जाते. नवव्या महिन्याच्या भेटीच्या सुमारास मूल रांगत असते आणि सापडेल ते तोंडात घालत असते. त्या भेटीत आहार आणि लसीकरणाबरोबर रिमोटचे झाकण, वजनकाटा आणि पणती यांकडेही एक नजर टाकायची, एवढी भर घालणे आरोग्य विभागाला एका परिपत्रकाने जमेल. तिच्या पिशवीतील डिजिटल थर्मामीटरमध्येही बटण सेलच असतो, त्यामुळे दाखवायला नमुना तिच्याजवळ तयारच आहे.

आणि केंद्राच्या आदेशाची वाट पाहत असताना राज्य सरकारने स्वतःच्या खरेदीपासून सुरुवात करावी. अंगणवाड्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि आशा यांच्यासाठी वजनकाटे, थर्मामीटर, घड्याळे आणि शैक्षणिक साहित्य शासनच निविदा काढून घेते. बटण सेलचा कप्पा स्क्रूने बंद असल्याशिवाय वस्तू स्वीकारली जाणार नाही, अशी एक अट पुढच्या निविदेत घालायला ना केंद्राची परवानगी लागते, ना विधिमंडळाचा ठराव. लाखभराहून अधिक अंगणवाड्या असलेल्या राज्याने ही अट घातली, तर पुरवठादार साचे बदलतील, आणि एकदा साचा बदलला की तोच माल दुकानातही जाईल.